आयव्हीएफच्या जोडीला अ‍ॅक्युपंक्चर: करावं की नाही?

"डॉक्टर, आयव्हीएफ चालू असताना अ‍ॅक्युपंक्चर करून घेतलं तर चालेल का?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. मी वंध्यत्वतज्ज्ञ नाही, साधा फिजिशियन आहे. पण आयव्हीएफ सुरू करण्याआधी थायरॉईड, साखर, बीपी तपासून या म्हणून ही जोडपी माझ्याकडे पाठवली जातात. तिकडे विचारायचा संकोच वाटलेले प्रश्न मग माझ्या टेबलावर येतात. कोणाला मावशीने सांगितलेलं असतं, कोणी यूट्यूबवर पाहिलेलं असतं. काहींना तर क्लिनिकनेच छापील पॅकेज हातात दिलेलं असतं: "गर्भाशयाची तयारी, १५ बैठका."

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. मूल होण्याची शक्यता वाढेल या आशेने करणार असाल, तर करू नका. ती वाढत नाही, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झालं आहे. या धावपळीत अर्धा तास शांत पडून राहिल्याने बरं वाटतं म्हणून करणार असाल, खर्च परवडत असेल आणि त्यासाठी मूळ उपचार एक दिवसही मागे पडत नसेल, तर माझी हरकत नाही. दोन्ही उत्तरांमागची कारणं जरा सविस्तर बघू, कारण "काही उपयोग नाही हो" एवढं म्हणून तुम्हाला वाटेला लावणं मला पटत नाही.

अ‍ॅक्युपंक्चरशी माझं वैर नाही, हेही सांगतो. उलट या पद्धतीच्या भारतातल्या प्रवेशाची गोष्ट आपल्याला जवळची आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. बसू परत आले, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले. आपल्याकडे ही पद्धत रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. गुडघेदुखी, जुनी पाठदुखी, वारंवार उठणारी अर्धशिशी यांत काही रुग्णांना तिचा थोडाफार आराम पडतो, आणि अशा रुग्णांना मी कधी अडवलेलं नाही. पण वेदना कमी वाटणं वेगळं आणि गर्भ रुजणं वेगळं. दुखणं किती आहे हे रुग्ण स्वतः सांगतो. मूल झालं की नाही, हे कोणाच्या वाटण्यावर अवलंबून नसतं.

मग आयव्हीएफ आणि सुया यांची जोडी जमली कशी? त्यासाठी २००२ सालाकडे जावं लागतं. जर्मनीतल्या डॉक्टरांनी चिनी सहकाऱ्यांसोबत १६० स्त्रियांवर एक प्रयोग केला. ८० जणींना गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या आधी आणि नंतर २५-२५ मिनिटं सुया लावल्या, उरलेल्या ८० जणींना लावल्या नाहीत. सुया लावलेल्यांपैकी ३४ जणींना गर्भ राहिला, न लावलेल्यांपैकी २१ जणींना. टक्केवारीत ४२.५ विरुद्ध २६.३. बातमी जगभर गेली. अनेक देशांतल्या आयव्हीएफ केंद्रांच्या शेजारी अ‍ॅक्युपंक्चरच्या पाट्या लागल्या. आजही तुम्हाला जे माहितीपत्रक मिळतं, त्यातला "६० टक्के वाढ" वगैरे आकडा बहुधा याच प्रयोगातून आलेला असतो. त्यानंतरच्या वीसेक वर्षांत काय झालं, ते त्या पत्रकात नसतं.

या प्रयोगात दोन अडचणी होत्या. पहिली म्हणजे तो लहान होता. सगळा फरक १३ स्त्रियांचा. नाणं ८० वेळा उडवून पाहा, आणि पुन्हा ८० वेळा उडवा, दोन्ही वेळा छापे सारखे पडणार नाहीत. दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. सुया न लावलेल्या गटासाठी काहीच केलं नव्हतं. एका गटाला जास्तीचा वेळ, विश्रांती, कोणीतरी मायेने विचारपूस करणारं माणूस मिळालं. दुसऱ्या गटाला नाही. शिवाय कोण कुठल्या गटात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. अशा वेळी नकळत बाकीची काळजीही कमीजास्त घेतली जाते. मग फरक सुईचा की इतर गोष्टींचा, हे सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणून खोटी सुई वापरतात. दिसायला ती खरीसारखीच असते, पण टोक बोथट असतं आणि दाबली की दांडी मुठीत सरकते, नाटकातल्या खंजिरासारखी. त्वचेवर टोचल्यासारखं वाटतं, आत काही जात नाही. रुग्णाला ओळखता येत नाही. आता दोन्ही गट तेवढाच वेळ पडून राहतात, दोघांची तेवढीच विचारपूस होते. उरतो तो फक्त सुईचा फरक.

हाँगकाँगमध्ये २००९ साली ३७० स्त्रियांवर असा प्रयोग झाला. निकाल वाचून तुम्हाला हसू येईल. खऱ्या सुयांच्या गटात ४३.८ टक्के जणींची गर्भधारणा चाचणी पॉझिटिव्ह आली, खोट्या सुयांच्या गटात ५५.१ टक्के! खोटी सुई जास्त चांगली, असा याचा अर्थ मी काढत नाही. पण पहिला प्रयोग ज्यांना पुरावा म्हणून चालतो, त्यांना हाही चालायला हवा.

मधल्या काळात अशा अनेक लहान प्रयोगांची बेरीज करायचाही प्रयत्न झाला. २००८ मध्ये सात प्रयोगांतल्या १३६६ स्त्रियांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा फायदा दिसला होता, आणि ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आल्यामुळे त्याला वजनही आलं. त्याच संशोधकांच्या गटाने २०१३ मध्ये १६ प्रयोग आणि सुमारे ४००० स्त्रिया घेऊन पुन्हा बेरीज केली. एकूण फायदा नाहीसा झाला. मात्र जिथे यशाचं प्रमाण मुळातच कमी, अशा केंद्रांत सुयांनी थोडी मदत झाल्यासारखी दिसली. म्हणजे आशेला एक फट उरली होती.

ती फट २०१८ मध्ये बुजली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या १६ केंद्रांत ८४८ स्त्रियांवर झालेला प्रयोग 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटाला खरी अ‍ॅक्युपंक्चर, दुसऱ्याला खोटी. बीजं वाढवण्याची इंजेक्शनं चालू असताना एकदा, गर्भ सोडण्याआधी एकदा आणि नंतर एकदा. आणि इथे मोजलं ते नुसती पॉझिटिव्ह चाचणी नाही, जिवंत बाळाचा जन्म. खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के जणींना बाळ झालं, खोट्या सुयांच्या गटात १७.८ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. पाहा, इथे यशाचं प्रमाण कमीच होतं, म्हणजे सुयांना काही करून दाखवायला भरपूर जागा होती. तरी काही घडलं नाही.

यावर अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांचं म्हणणं मी ऐकलेलं आहे. ते म्हणतात, तीन बैठकांत काय होणार? आम्ही तीन महिने आठवड्यातून दोनदा करतो. मुद्दा रास्त आहे. त्याचं उत्तर खुद्द चीनमधूनच आलं. पीसीओएस असलेल्या १००० स्त्रियांवरचा तिथला प्रयोग २०१७ मध्ये, पुन्हा 'जामा'मध्येच, छापून आला. हा आयव्हीएफचा प्रयोग नव्हता. बीज तयार व्हायला मदत करणारी क्लोमिफीन नावाची साधी गोळी आणि अ‍ॅक्युपंक्चर यांची एकत्र परीक्षा होती. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चार पाळीचक्रांपर्यंत. क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी २८.७ टक्के जणींना बाळ झालं, नकली गोळी घेतलेल्यांपैकी १५.४ टक्के जणींना. गोळीने काम केलं. खरी अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांत हे प्रमाण २१.८ टक्के, नावापुरत्या सुया लावलेल्यांत २२.४ टक्के. ज्या देशात ही विद्या जन्मली, तिथल्या प्रशिक्षित हातांनी, भरपूर बैठका देऊन आलेला हा निकाल आहे. यापुढे "आमची पद्धत वेगळी आहे" म्हणणाऱ्याने स्वतः तसा प्रयोग करून दाखवावा.

दुसरा आक्षेप असा की खोटी सुईसुद्धा शरीरावर काही परिणाम करत असेल, म्हणून दोन्ही गट सारखे दिसतात. असेलही. पण मग अमुक बिंदू गर्भाशयाचा, तमुक बिंदू अंडाशयाचा, हा भिंतीवरचा सगळा तक्ता कशासाठी? त्वचेवर कुठेही बोथट काडी दाबून तेवढंच होणार असेल, तर ते काम नवऱ्याने घरी मान-पाठ दाबून दिल्यानेही होईल, आणि त्याची पावती फाडावी लागणार नाही.

"रक्तपुरवठा वाढतो" हे वाक्य तर प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्याचा उगम १९९६ सालच्या स्वीडनमधल्या एका अभ्यासात आहे. सुयांना सौम्य वीजप्रवाह जोडून केलेल्या बैठकांनंतर गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा सोनोग्राफीवर कमी झालेला दिसला. स्त्रिया किती होत्या? दहा. त्यांची तुलना करायला दुसरा गटही नव्हता. कल्पना तपासण्यासारखी होती आणि पुढे ती तपासली गेली, वर सांगितलं ते निकाल आले. सोनोग्राफीवरचा आकडा सुधारणं आणि घरात बाळ येणं यांच्यात बरंच अंतर असतं. वंध्यत्वच नव्हे, वैद्यकशास्त्राच्या सगळ्या शाखांत हा धडा पुन्हा पुन्हा मिळालेला आहे.

तरीही तुम्ही म्हणाल, "आमच्या ओळखीत एकीला दोनदा फेल गेलं, तिसऱ्यांदा सुया लावल्या आणि राहिलं." मी ते खोटं मानत नाही. समजा शंभर जोडप्यांनी आयव्हीएफ केलं आणि त्यातल्या तिसांना यश आलं. शंभरातल्या पन्नास जणींनी अ‍ॅक्युपंक्चरही केलं होतं. सुयांचा परिणाम शून्य धरला तरी त्या पन्नासांतल्या पंधरा जणींना बाळ होणारच. या पंधरा जणी बारशाला आलेल्या प्रत्येकीला सुयांबद्दल सांगतील. उरलेल्या पस्तीस जणी कोणाला काही सांगत नाहीत. त्या त्या काळात फोनच उचलत नाहीत.

आता मनाच्या ताणाकडे येऊ, कारण मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते इथे.

अ‍ॅक्युपंक्चर घेणाऱ्या पुष्कळ स्त्रिया सांगतात की त्यांना शांत वाटलं. माझा त्यावर विश्वास आहे. आयव्हीएफमधून जाणाऱ्या बाईचे दिवस कसे असतात ते आठवा. दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, मग ठरलेल्या तासाला ट्रिगरचं इंजेक्शन, भूल देऊन बीजं काढणं, किती फलित झाली, किती टिकली याचे फोन, गर्भ सोडणं, आणि मग बीटा एचसीजीच्या तपासणीपर्यंतचे ते संपता न संपणारे पंधरा दिवस. ऑफिसात रजा कशाची सांगायची, सासूबाईंच्या भिशीत काय सांगायचं, शेजारणीला काय. त्यात कोणी तुम्हाला अंधाऱ्या खोलीत निजवून, फोन बंद करायला लावून, अर्धा तास हलू देत नसेल, तर बरं वाटणारच. त्यासाठी पैसे द्यावेसे वाटले तर ते पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही.

माझी हरकत आहे ती पुढच्या वाक्याला: "ताण कमी झाला की गर्भ राहील." हे वाक्य अ‍ॅक्युपंक्चरच्या पत्रकात असतं, नातेवाइकांच्या तोंडी असतं, आणि सांगायला खेद वाटतो, काही डॉक्टरांच्याही तोंडी असतं. २०११ मध्ये १४ अभ्यासांतल्या ३५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. उपचाराआधी ज्या जास्त चिंतेत, जास्त उदास होत्या, त्यांना गर्भ राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी नव्हतं. हा निष्कर्ष प्रत्येक आयव्हीएफ केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावा, असं मला फार वाटतं. कारण उपचार अयशस्वी झाल्यावर माझ्यासमोर बसून "मी फार विचार केला, म्हणून गेलं का हो डॉक्टर?" असं विचारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. रडलात म्हणून गेलं नाही. ऑफिसात बॉसशी वाद झाला म्हणून गेलं नाही. जिना चढलात म्हणूनही नाही. बहुतेक वेळा गर्भातल्या गुणसूत्रांतच दोष असतो, आणि तो तुमच्या विचारांनी आलेला नसतो. ताण कमी करायचा तो तुम्हाला त्रास होतो म्हणून. त्याच्या बदल्यात बाळ मिळेल म्हणून नव्हे. ताणालाच कारण ठरवलं की अपयशाचं खापर पुन्हा तिच्याच डोक्यावर फुटतं. सुया लावूनही नाही राहिलं, म्हणजे हिने मन शांत ठेवलं नसणार!

आणखी एक गोष्ट मला खटकते. सुया टोचून घेते ती नेहमी बायकोच. कित्येक जोडपी अशी येतात की तिच्या तीन-तीन सोनोग्राफ्या, नळ्यांची तपासणी, दोन वर्षं काढे, पंचवीस बैठका झालेल्या असतात. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी? "ते म्हणतात मला काही प्रॉब्लेम नाही." वंध्यत्वात साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, पूर्ण किंवा अर्धवट. ही तपासणी काही शे रुपयांची, एका दिवसात होणारी, न दुखणारी आहे. तिच्याआधी बायकोला एकही सुई लागता कामा नये, मग ती चिनी असो की आमची.

खरं नुकसान पैशापेक्षा वेळाचं होतं. पस्तिशीनंतर अंडाशयातली बीजं झपाट्याने कमी होतात आणि जी उरतात त्यांत गुणसूत्रांचे दोष वाढत जातात. म्हणून तर पस्तिशीच्या आत वर्षभर वाट पाहा आणि पस्तिशीनंतर सहा महिन्यांतच डॉक्टरांना भेटा, असं सांगतात. ही घसरण कुठल्याही सुईने, काढ्याने, गोळीने मागे फिरत नाही. "बीजाची क्वालिटी सुधारायला आधी सहा महिने अ‍ॅक्युपंक्चर, मग आयव्हीएफ" असा सल्ला २८ वर्षांच्या मुलीला कदाचित फारसा महाग पडणार नाही. ३८ वर्षांच्या, एएमएच कमी आलेल्या बाईला तो फार महाग पडू शकतो. तिचे ते सहा महिने परत देता येत नाहीत. असा सल्ला कोणी दिला, तर तिथून उठा.

पैशाबद्दल एवढंच. बैठकांचा दर, संख्या आणि मधेच सोडल्यास काय, हे लेखी घ्या. आयव्हीएफच्या बिलात "पूरक उपचार" अशी ओळ दिसली तर ती काढून मागायचा तुम्हाला हक्क आहे. शक्यता वाढते असं कोणी सांगितलं, तर "कशाच्या आधारे?" हा प्रश्न नम्रपणे विचारा.

एवढं वाचूनही करायचं ठरवलंत, तर काही काळजी घ्या. आपल्या केंद्र सरकारने अ‍ॅक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिलेली आहे आणि महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदाही आहे. त्यामुळे उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारायला लाजू नका. (मान्यता म्हणजे ती पद्धत प्रत्येक आजारावर चालते असा दाखला नव्हे, हे लक्षात असू द्या.) सुया एकदाच वापरायच्या, बंद पाकिटातून तुमच्यासमोर काढलेल्या असाव्यात. पुन्हा वापरलेल्या सुयांतून हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. आयव्हीएफमध्ये काही जणींना हेपरिनची इंजेक्शनं किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असतं. रक्त पातळ करणारं काहीही घेत असाल तर सुई लावणाऱ्याला आधी सांगा. बीजं वाढवण्याच्या काळात अंडाशय फुगलेले असतात, तेव्हा ओटीपोटावर सुया नकोत. छाती-पाठीवर खोल सुई गेल्याने फुप्फुसाला इजा होणं फार दुर्मीळ आहे, पण सुयांनंतर दम लागला किंवा छातीत दुखलं तर घरी थांबू नका.

आणि सुयांच्या सोबत पुडी, काढा, "गर्भाशय गरम करणारं" चूर्ण दिलं तर ते घेऊ नका, निदान तुमच्या आयव्हीएफच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तरी नकोच. सुई बाहेर काढली की तिचं काम संपतं. पुडी पोटात जाते, आणि तीत काय आहे हे पुष्कळदा देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. गर्भ सोडून झाल्यावर जी औषधं लिहून दिली असतील, विशेषतः प्रोजेस्टेरॉन, ती कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. "आता शरीर नैसर्गिक लयीत आलं आहे, हार्मोनची गरज नाही" असं कोणी म्हणालं, तर गोळी चालू ठेवा आणि त्या माणसाकडे जाणं बंद करा.